फळीवर राहून गेलेली

आमच्या डोंगरात घराला छप्पर चढतं त्या दिवशी फळी येते. पुरुषभर उंचीची, पांढऱ्या मातीने सारवलेली, आणि तिच्यावर त्या घराची सगळी माणसं रंगवलेली. घरच्या जोडप्याचा कोम्पाद्रे, म्हणजे त्यांच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला माणूस, ती वाजतगाजत आणतो आणि आढ्याला बांधतो. फळी खालून वर वाचायची, झाड वाढतं तशी. तळाच्या खणात मरियम, तिच्यावर नवराबायको, मग त्यांचे आईबाप, भावंडं, मामे, चुलते, आणि सगळ्यांच्या वर सूर्य. जो फळीवर आहे तो त्या घरात न विचारता चुलीपाशी जाऊन बसतो. जो नाही तो दारात थांबतो आणि कुणी ‘या’ म्हणेल याची वाट पाहतो. फळीवर काढायच्या राहून गेलेल्या माणसांनी वीस वीस वर्षं सख्ख्या भावाचा उंबरा ओलांडला नाही, हे मी पाहिलेलं आहे.

हेर्मेलिंदा पोमा ही फळ्या रंगवणारी आमच्या गावातली पहिली बाई. तिच्या आधी हे काम पुरुषांचं होतं; बायकांनी दगडावर रंग वाटून द्यायचे. तिचा भाऊ अर्धी फळी तशीच टाकून तापाने गेला. एकोणीस वर्षांच्या हेर्मेलिंदाने ती पुरी केली, आणि गाव दोन वर्षं ती फळी भावाचीच समजत होतं. कळलं तेव्हा म्हातारे थोडे कुरकुरले. मग गपचूप फळ्या तिच्याकडे यायला लागल्या.

तिचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. देवळात बसली तरी बोट गुडघ्यावर रेघा ओढत असे. मका सोलायला बसली तर पाचव्या कणसाला उठे, अंगणाची फेरी मारे, परत बसे. तिची थोरली बहीण आकिलिना बरोबर उलटी. एका जागी बसली की टेकडी बसल्यासारखी. तिने लग्न केलं नाही. भाऊ गेला, पाठोपाठ भावजय गेली, तेव्हा त्यांचं दोन वर्षांचं पोर, विल्बेर, आकिलिनाने वाढवलं. आणि तेहतीस वर्षं हेर्मेलिंदाच्या डाव्या हाताला बसून तिने रंग वाटले.

विल्बेर मोठा होऊन लिमाला गेला. तिथे वाळूच्या टेकडीवर तो भिंत भिंत करत घर बांधत होता. ऑगस्टात छप्पर चढायचं होतं. त्याचा कोम्पाद्रे फोर्तुनातो याने रिवाजाप्रमाणे हेर्मेलिंदाला फळी सांगितली. नेमकं त्याच सुमाराला लिमाच्या एका कलादालनातली हिमेना नावाची बाई गाडी घेऊन आमच्या गावात आली. जूनमध्ये त्यांचं उगवत्या कलावंतांचं प्रदर्शन होतं. तिने अर्धी झालेली फळी पाहिली आणि तीच मागितली. फोर्तुनातोने फोनवर हो म्हटलं. छपराच्या आधी परत मिळाली म्हणजे झालं. आणि दोन महिन्यांचं काम पाच आठवड्यांवर आलं.

दुकानाच्या पायरीवर बसलेल्यांना तेवढं पुरलं.

“काय गं हेर्मेलिंदा, बावन्नाव्या वर्षी उगवलीस?”

“उशिरा उगवलेला बटाटा गोठत नाही,” ती म्हणाली.

“आणि मावळणार कधी?”

“तुझी उधारी फिटेल त्या दिवशी.”

फळी गेली. नवव्या दिवशी दोघी बहिणी अंगणात शेंगा सोलत होत्या. आकिलिनाने शेंगा बाजूला सारून टकळी हातात घेतली, नेहमी घेते तशी. हेर्मेलिंदाने मान वर केली आणि तिचे हात थांबले. फळीवर एकोणतीस माणसं होती. प्रत्येक बाई टकळी घेतलेली, प्रत्येक पुरुष आपापलं वाद्य घेतलेला. विल्बेरच्या सासूचा कुत्रासुद्धा होता. ताई नव्हती.

जी रोज कोपराला कोपर लावून बसली होती, ती हेर्मेलिंदाच्या नजरेसमोर कधी आलीच नव्हती.

त्या दिवसापासून हेर्मेलिंदा घरात ठरेना. फोन लागतो त्या टेकाडावर ती दिवसातून तीनदा चढायची. चौथ्या दिवशी हिमेना सापडली.

“फळीवर एक माणूस काढायचं राहिलंय. मी येऊन काढते.”

“आता नाही जमणार, सेन्योरा. फोटो झालेत, पुस्तक छापलंय. काम पूर्ण आहे.”

“विल्बेरच्या बाजूला पांढरी जागा आहे ना, हातभर?”

“ती मोकळी जागाच तर सगळ्यांना आवडते. फार बोलते ती.”

“काय बोलते?” हेर्मेलिंदाने विचारलं. उत्तर येण्याआधी फोन तुटला.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळची बस धरली. मी लेकीकडे बटाट्याचं पोतं घेऊन निघालो होतो आणि त्या दोघींच्या मागच्याच बाकावर होतो. आकिलिनाने टोपीला नवी फीत लावली होती. तिला एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून ती बोलते ते सगळ्या बसला ऐकू जातं.

“मला टकळी दिलीस की मेंढरू दिलंस?”

“बघशील की आता.”

“तोंड बारीक काढलं असशील. तू माझं तोंड नेहमी बारीक काढतेस.”

हेर्मेलिंदा खिडकीकडे वळली. बस थांबेल तिथे ती उतरायची, गाडीभोवती फेरी मारायची, ड्रायव्हरने भोंगा वाजवला की चढायची. चीज घेतलं ते खाल्लं नाही. कोकाची पानं गालात धरली ती चावायची विसरली. एकदा तिने बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि म्हणाली, “थंडी वाजतेय का?” पहाड उतरून गाडी समुद्राच्या धुक्यात शिरली तरी तिचं बोट काचेवर रेघा ओढत होतं. वाफेवर उमटायची ती आकृती एकच. टोपी, घागरा, टकळी. ती पुसायची आणि पुन्हा काढायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दारं उघडायच्या दोन तास आधी, मीही त्यांच्याबरोबर आत गेलो. भिंती इतक्या पांढऱ्या की बोलायला संकोच वाटावा. बाकीचे उगवते कलावंत सगळे पोरसवदा. मधोमध एका मुलीने फुटक्या विटांचा ढीग घातला होता. आकिलिना तिथे थांबली.

“हे कुणाचं घर पडलं गं?”

“आमचं, मावशी. भूकंपात.”

“वाईट झालं,” आकिलिना म्हणाली, आणि ढिगासमोर क्षणभर टोपी काढून उभी राहिली. ती मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

फळी शेवटच्या दालनात उभी केली होती. खाली हेर्मेलिंदाचं नाव लिहिलं होतं, घराचं नव्हतं. आकिलिनाने गुडघे टेकले आणि रीतीप्रमाणे तळापासून सुरुवात केली. मरियमला हात जोडले. दुसऱ्या खणावर नजर नेली. विल्बेर, त्याची बायको, मधे पाळणा, शेजारी पांढरी जागा. ती तिथे जरा जास्त थांबली. मग तिसरा खण.

हेर्मेलिंदा तीन पावलं लांब गेली, परत आली, पुन्हा लांब गेली.

“ताई, थांब. वर जाऊ नकोस.”

“का?”

“तू वर कुठेच नाहीयेस. मी तुला काढलंच नाही. विसरले.”

आकिलिनाने मान वळवली नाही. “माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? रंग कोण वाटतं? पाच आठवड्यांत जांभळा एकदाही मागितला नाहीस तू. गावात जांभळा घागरा दुसऱ्या कुणाचा आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कधी बोलतेस ते बघत होते. वाटलं, बसमध्ये बोलशील. नुसती चढउतर करत राहिलीस.” ती उठली, शालीच्या गाठीतून मक्याच्या सालीची पुडी काढली आणि बहिणीच्या हातावर ठेवली. निवडुंगावरच्या किड्यांचा जांभळा, वाटून ठेवलेला. “आजही तोंड शिवून राहिली असतीस तर मी तुझ्याशी जन्मभर बोलले नसते. घे आता. तोंड मोठं काढ.”

रंगवायचं कोंबडीचं पीस गावी राहिलं होतं. हेर्मेलिंदाने वेणीचं टोक दातांनी चावून बारीक केलं. आकिलिनाने तळहातावर थुंकी घेऊन रंग कालवला. तेवढ्यात दारावरचा रखवालदार धावत आला.

“हात लावायचा नाही, बाई. कुणीच हात लावायचा नाही.”

“हे मी केलंय,” हेर्मेलिंदा म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग नावाच्या पाटीकडे, आणि तो हिमेनाला बोलवायला गेला.

हिमेना आली तेव्हा घागरा झाला होता. चेहऱ्यासाठी लागणारा मातकट रंग मात्र जवळ नव्हता. विटांचा ढीग घातलेल्या मुलीने आपण होऊन विटेची एक खापरी आणली आणि टाचेखाली चुरली. हेर्मेलिंदाचा हात आता अजिबात हलत नव्हता. तेहतीस वर्षांत तिला इतकी स्थिर बसलेली मी पाहिली नव्हती.

“सेन्योरा, पुस्तकात एकोणतीस माणसं आहेत,” हिमेना म्हणाली.

“पुस्तकात कुणी राहायला जाणार नाही,” आकिलिना म्हणाली. “ह्या घरात जाणार आहेत.”

हिमेना फळीजवळ आली. मग वाकून बघत तिने विचारलं, “वाळायला किती वेळ लागेल? एका तासात लोक येतील.”

“फुंकर घालशील तर लवकर वाळेल.”

तिने खरोखरच फुंकर घातली, नीट गुडघ्यावर बसून.

दारं उघडली तेव्हा लिमातली आमच्या गावची माणसं एकदमच आत घुसली, पोराबाळांसकट, भाजलेल्या मक्याच्या पिशव्यांसकट. विटांकडे, बाकीच्या कलाकृतींकडे कुणी वळलं नाही. सगळे फळीसमोर, प्रत्येक जण स्वतःला शोधत. “मी आहे, ही बघ माझी बासरी.” “तुझं पोट खरं काढलंय हो.” रखवालदार हात पसरून मधे उभा राहिला आणि बाजूला ढकलला गेला.

फोर्तुनातो पुढे आला. फळी देणारा तो, पहिला मान त्याचा. त्याने टोपी काखेत घेतली आणि तळापासून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. मरियम, विल्बेर, विल्बेरची बायको, पाळणा. मग बोट थांबलं. त्याने ते डोळ्यांसमोर धरलं. टोकाला जांभळा लागला होता.

तो आकिलिनाकडे वळला आणि म्हणाला, “ही आत्ताच आली वाटतं. अजून ओली आहे.”