एक पोतं करवंट्या

दोस्तांनो, आज भौतिकशास्त्राचा तास बुडवला, पण कारण ऐका!

लाँचला पाण्यात पुढे ढकलणारा बाबांचा पितळी पंखा खडकावर आपटून मोडला होता. आज सकाळी ओतारीकाकांनी तोच वितळवून नवा ओतला. जळण लागलं फक्त एक पोतं करवंट्या!

"एवढ्यात भागलं?" मी काकांना विचारलं.

"अगो, खाणीतल्या दगडातून तांबं काढायचं तर सगळ्या रत्नागिरीच्या करवंट्या पुरायच्या नाहीत. ते जळण या पितळेपायी कधीच जळून गेलंय. आता नुसतं वितळवायचं."

बाबांनी पंख्यापुढे नारळ फोडला. खोबरं आम्ही खाल्लं, करवंट्या काकांनी पुढच्या पोत्यात टाकल्या.

आता सांगा, पंखा जुना की नवा? या भित्तिपत्रकाखाली पेन्सिलीने लिहा. सरांनीही लिहावं, तास त्यांचाच बुडवलाय.