नेहमीचा थांबा

माझी भावजय भारी घुमी. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर मिळायचं. माझा धाकटा भाऊ बाळ्या तिला 'घुमी' म्हणूनच हाक मारायचा, आणि ती नुसती हसायची. बाळ्या पार्सलची गाडी चालवायचा. एके दिवशी जेवता जेवता गेला, शाळकरी पोर मागे ठेवून. मला अजून त्याचा राग येतो.

महिनाभरात घुमीनं गाडीची किल्ली उचलली. फोन त्याचाच, कंपनीतलं खातंही त्याचंच. नवं खातं काढलं की कुणाला नको असलेली कामं गळ्यात मारतात. बाळ्यानं मात्र वर्षानुवर्षं घासून नाव कमावलेलं. तू आहेस की गेलास, असं कंपनीनं कधी विचारलं नाही. पार्सल पोचल्याशी मतलब!

दुपारी तो फोन बोलायचा, "तुमचा नेहमीचा थांबा आला. विश्रांती घ्या." तो थांबा म्हणजे माझं घर. बाळ्या रोज चहाला यायचा, ते त्या मेल्या यंत्रानं बघून बघून शिकून घेतलेलं. खाली हॉर्न वाजला की माझ्या काळजात धस्स व्हायचं. मग घुमी वर यायची. चहा पिताना फोन आम्हा दोघींच्या मध्ये असायचा. अंगावर काटा यायचा, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

पुढे ती कामं नाकारायला लागली. पूल टाळून तळ्याकाठचा रस्ता धरायचा, ही बाळ्याची खोड. फोन तोच रस्ता दाखवायचा. पुलावरून जावं लागणारं काम आलं की ही सरळ नको म्हणायची. कामं आटली. खातं बंद करू, असा इशारा आला.

मी भडकलेच. "पोरीला काय खायला घालणारेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ताई, मी माझ्या रस्त्यानं गेले ना," ती म्हणाली, "की फोन यांचा रस्ता विसरतो."

मी त्या फोनकडे बघितलं. पण घरात पोर होती. "आणि खातंच बंद झालं तर काय उरेल गं?" मी म्हटलं. "घे येईल ते काम."

तिनं ऐकलं. पुलावरून जायला लागली, भराभर कामं उरकायला लागली, वाटेत पोरीच्या शाळेपाशी थांबायला लागली. पोरीच्या डब्यात पुन्हा नीट जेवण दिसू लागलं.

मग एका दुपारी हॉर्न वाजलाच नाही. दोन कप चहा ओतून मी खिडकीत उभी. शेवटी तिचाच फोन आला.

"ताई, आज त्यानं मला शाळेच्या फाटकापाशी थांबवलं. म्हणाला, नेहमीचा थांबा."

"बरं झालं की. पोरगी दिसेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मागून गाडीतल्या बाळ्याच्या फोनचा आवाज ऐकू आला. माझ्या भावाचं पूर्ण नाव घेऊन तो सांगत होता, "अभिनंदन! तुमच्या कामात खूप सुधारणा झाली आहे."