काळ्या मोटारीला टोरीचं तेल

इस्तारी ढिवर चांद्याच्या बाजारात मोटारसामानाच्या दुकानापुढं उभा राहिला, तेव्हा त्याला एकच चीज घ्यायची होती. मोटार चमकवायचं औषध. औषध म्हणजे एक बाटली असेल, तिला एक बूच असेल, असा त्याचा सरळ हिशेब. पण दुकानातल्या कच्छी शेठनं फळीवरून डबे काढायला सुरुवात केली आणि हात थांबवलाच नाही.

"हा साबण. हा मेण. हा पालिश. हा दुसरा, पालिशच्या पैले लावायचा. हा कपडा घासायला, आणि हे मेंढीचं चामडं, पुसायला. रंग कसा हाय गाडीचा?"

"काळा, जी."

"काळा तो समजलो रे भाई. जुना का नवा?"

इस्तारी घोटाळ्यात पडला. मोटार जुनी होती, रंग मागल्या दिवाळीला दिलेला. "दोनी," तो म्हणाला.

शेठनं कपाळ पुसलं.

डब्यांवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. इस्तारीला मराठीही येत नव्हती वाचता, म्हणून त्यानं आपल्या रीतीनं पारख सुरू केली. एकेक झाकण उघडून हुंगलं. एकाचा वास दवाखान्यासारखा, एकाचा रॉकेलसारखा, आणि एकाला वासच नाही. ज्याला वास नाही त्यावर त्याचा भरवसा बसेना. बोटावर घेऊन मनगटाला चोळून पाहिलं, तर मनगट पांढरं पडलं. काळी मोटार पांढरी पडली म्हणजे?

आता या माणसाला मोटारीचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायला पाहिजे. इस्तारी राहणारा मूल गावचा. गावतळ्यात जाळं टाकून पोट भरणारा. भैयाजी या सागवानाच्या ठेकेदारांची काळी मोटार घेऊन बाबुलाल डायवर तळ्यावर यायचा, आणि पाण्यात उभा असलेला इस्तारीच ती धुऊन द्यायचा. हळूहळू त्याला त्या कामाची गोडी लागली. जाळ्यात मासा येईल की नाही ते कुणी सांगावं, पण मोटारीवरची धूळ हटकून निघते. भैयाजींच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "इस्तारी, वरातीले मोटार अशी चमकली पायजे का नवरदेवानं तिच्यात भांग पाडला पायजे. चमकवली तं लाकडाच्या डेपोच्या फाटकावर आंब्याखालची जागा तुई. टाक दुकान. लिलावाले सारे ठेकेदार मोटारी घेऊनच येते."

त्या आंब्याखाली इस्तारी मनानं कधीचाच जाऊन बसला होता.

शेठनं शेवटचा उपाय केला. गल्ल्यापुढच्या काचेवर थोडं पालिश घासलं आणि वर गडव्यातलं पाणी शिंपडलं. पाण्याचे मणी झाले आणि टपाटप घरंगळले. "देखा? पाणी पकडत नाई. येच पालिशची पैचान."

इस्तारीचा चेहरा उजळला. हे तर त्याला लहानपणापासून माहीत! त्याच्या डोंग्यावर, मासे धरायच्या लहानशा होडीवर, पाणी असंच तर पळतं. मोहाची फुलं सरली की त्याच झाडाला टोरी धरते. तिच्या बियांचं तेल काढायचं, कोमट करायचं, अन् डोंग्याच्या लाकडाला चोपडायचं. ढिवरांच्या घरात हे बापाकडून पोराला येतं.

"साबन द्या अन् चामडं द्या, जी. पालिश घरी हाये."

"घरी? कोणत्या कंपनीचा?"

"आमच्या बुढ्याच्या."

घरी आल्यावर त्याचा बेत ऐकून गोकुळा, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढून उठलीच. "तेल? मोटार का डोंगा होय जी? लग्नाची भांडी राख अन् चिच लावून घासते मानसं."

"मोटार पितळेची नाई वो."

"मंग लाकडाची हाये का?"

इस्तारी उठून तळ्यावर गेला. बाबुलालला विचारलं, तर तो म्हणाला, रॉकेलमधी खोबरेल मिसळ, मोठमोठे सायब तेच लावते. शेठचं एक, बायकोचं एक, डायवरचं एक. तिघांचं ऐकून डोक्यात असा गोंधळ झाला की इस्तारीनं डोळे मिटून आपल्या बापाचं ऐकलं, आणि बाप तर केव्हाचाच मेलेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं मोटार साबणानं धुतली, चामड्यानं पुसली, आणि टोरीचं तेल असं चोळलं की मोटार ओल्या मांगूर माशासारखी दिसू लागली. बाबुलाल वाकून पाहू लागला. "अबे, माह्या मिशीतला पांढरा केस दिसून राह्यला!"

तो खुशीत मोटार घेऊन डेपोत गेला आणि नेहमीच्या जागी, आरामशीनच्या समोर, उभी करून चहा प्यायला निघून गेला. मशीनवर सागाची खोडं चिरणं चालू होतं. चैताचा वारा सुटला होता. पिवळा भुसा उडत होता, आणि उडून कुठं बसायचं हा प्रश्न त्या दिवशी त्याला पडला नाही.

इस्तारीला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तो मोटारीला टपापासून चाकापर्यंत पिवळी लव फुटलेली. बाबुलालनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायला घेतलं होतं, त्यानं एका बाजूचा लगदा झाला होता.

भैयाजी कमरेवर हात देऊन उभे. "मी पोरीले हळद लावाले सांगतली होती. मोटारीले कोनं सांगतली बे?"

मजूर हसले. इस्तारीलाही हसू येत होतं आणि रडूही, त्यामुळं त्याचं तोंड भलतंच झालं.

"दात काऊन काढून राह्यला? उद्या माही पोरगी बसनार हाये याच्यात!"

मोटार पुन्हा तळ्यावर आली. साबण लावला, तो तेलावरून घसरून गेला. रॉकेल लावावं तर रंग जाईल. राख लावावी तर ओरखडे उठतील. इस्तारी मोटारीभोवती फिरत राहिला. गोकुळा काठावर धुणं घेऊन आली होती. तिला राहवलं नाही. "मी डोक्याचं तेल कायनं काढतो जी दर हप्त्याले?"

"रिठ्यानं."

"मंग?"

ती घरून रिठ्याचं पाणी घेऊन आली. दोघांनी मिळून मोटारीला न्हाऊ घातलं, फेस काढला, पुन्हा घातलं. दिवस कलता कलता मोटार तेला-भुशातून निघाली. स्वच्छ होती. पण चमक? चमकेचं नाव नाही. कोरडी, साधी, काळी. चांद्याला जाणारी शेवटची बस केव्हाच निघून गेली होती, आणि शेठच्या त्या डब्यांपैकी खरा कोणता हे अजूनही इस्तारीला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. मोटारीवर आंब्याच्या पानांची तोरणं अन् झेंडूच्या माळा इतक्या घातल्या होत्या की खाली रंग आहे की गेला, कुणी पाहिलं नाही. भैयाजी दोनदा इस्तारीच्या समोरून गेले. एकदा पाहिलं, एकदा नाही पाहिलं. यातलं कशाला भ्यावं ते त्याला कळेना.

पाहुणे गेल्यावर त्याला बोलावलं. भैयाजी मोटारीच्या दारावरून बोट फिरवत होते.

"भुसा काढला कायनं?"

"रिठ्यानं, जी."

"ओरखडा नाई एक बी." त्यांनी बोट उलटून पाहिलं. "चमकवनं तुयं काम नाई इस्तारी. पन मळ काढता येते तुले. माह्ये ट्रक पोंभुर्ण्याच्या जंगलातून येते, ग्रीस अन् चिखलानं माखून. धुशीन का?"

"धुतो नं, जी. अन् थे आंब्याखालची जागा?"

"आंब्याखाली ट्रक मावते का बे? तळ्यावरच धूत जाय."

इस्तारी घरी येईपर्यंत विचार करत राहिला. शाबासकी मिळाली की शिवी? दुकान मिळालं म्हणावं, तर तळ्यावर तो उभाच होता. नाही म्हणावं, तर ट्रक येणार होते.

गोकुळा दारातच होती. "काय म्हनलं भैयाजीनं? भेटली जागा?"

"गिऱ्हाईक भेटलं. दुकान कुठी हाये, थे मले बी नाई समजलं."

"म्हंजे?"

त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ट्रकाचं ग्रीस रिठ्यानं नाई जात जी. त्याले काय आनता मंग?"

"मी घरी येऊन राह्यलो होतो तुले थेच इचाराले," इस्तारी म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.