कोलशेतची गोदूबाई आणि तिच्या मिऱ्याची खाज

गोदूबाईशी भांडायचं असेल तर माणसाला खाडीपल्याड ऐकू जाईल असा गळा लागायचा, नि वर संध्याकाळपर्यंत रिकामा वेळ. कोलशेतच्या आगरात गळा पुष्कळांकडे होता, वेळ कोणाकडेच नव्हता. म्हणून भांडणं तीच जिंकायची.

राणीच्या राज्यातली गोष्ट. ठाण्यावरून आगगाडी जायला लागून एक अख्खी पिढी झालेली, पण कोलशेतला तिचं काय? कोलशेतला खाडी, खाडीच्या काठाला मिठाची आगरं, आणि आगरात उन्हात भाजणारी माणसं. गोदूबाईचा नवरा दौलत कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, मीठ फावड्यानं ओढायचा. गोदूबाई पाट्या भरून राशीवर टाकायची. पाटी डोक्यावर असतानाही तोंड बंद नसायचं. मूलबाळ नव्हतं. त्यावरून कोणी हळहळलंच तर ती म्हणायची, "झालं असतं तर तुझ्यावानी झालं असतं. नाय झालं तेच बरं."

तर अशा बाईकडे मिऱ्या आला. मीठ भरायला खाडीतून आलेल्या पडावात रिकामी पोती होती, त्यातल्या एका पोत्यातून हे पिल्लू निघालं. काळं, गोल, मुठीत मावेल एवढं. मिरीच्या दाण्यासारखं, म्हणून मिऱ्या. बाकीची कुत्री वाढतात, हा वाढायचाच विसरला. दोन वर्षांचा झाला तरी गोदूबाईच्या पाटीत अंग मुडपून झोपायचा.

पण कामाला पक्का. बांधात उंदरांनी बिळं केली की भरतीचं पाणी त्यातून आत घुसतं आणि पिकायला आलेलं मीठ विरघळून जातं. मिऱ्या नाक लावून बिळं हुडकायचा आणि माणूस येईपर्यंत भुंकत राहायचा. एका उधाणाला त्यानं भर दुपारी असा काही गोंधळ घातला की सगळे जेवण टाकून धावले. बांध फुटायच्या बेतातच होता. मुकादम धोंडीबानं स्वतः चिखल थापला आणि म्हणाला, "ह्यो कुत्रा नाय, आपला गडी हाय."

तेव्हापासून मिऱ्या सगळ्या आगराचा लाडका. जो तो आपल्या भाकरीवरचा सुका जवळा, ती बारीक कोळंबी, त्याच्यापुढे टाकायचा. गडी आहे ना, मग गड्यासारखं खाऊ दे.

शिमग्याच्या सुमाराला तो खाजवायला लागला. आधी नुसता कान. मग पोट. मग पंजे चावायचा, कुडाच्या भिंतीला पाठ घासायचा, कुल्ल्यावर बसून अंगणभर फरफटायचा. पोरं हसायची. आषाढ आला तेव्हा कोणी हसत नव्हतं. पोटावरचे केस गेले, कानामागं कातडी लाललाल झाली, शेपूट उंदराची दिसायला लागली. जवळ आला की कुबट वास यायचा. खाज सुटली की कळवळायचा, पण खाजवल्याशिवाय राहवायचंही नाही त्याला. बघवत नव्हतं.

लूत लागलीय, असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे तेच म्हणायला लागले. काल ज्याच्या हातून खायचा तो आज खडा मारायला लागला. माणसं अशीच.

धोंडीबा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"गोदे, दिवाळीनंतर आगरात पानी घेऊ. तवा हे कुत्रं बांधावर दिसता नये."

"का? कालपरवा तर गडी होता."

"केस झडतायत त्याचे. मिठाच्या राशीत केस निघाला तर नाक्यावरचा शिपाई अख्खी रास परत करील. आन लूत पोरांना लागली म्हंजे? खाडीपल्याड सोडून ये. तुझ्यानं होत नसलं तर मी पोतं आनतो."

"पोतं आन," गोदूबाई म्हणाली. "पन मोठं आन. आधी तुलाच घालते त्यात."

धोंडीबा गेला. तो वाईट नव्हता, पण रास परत आली असती तर पन्नास जणांची मेहनत पाण्यात गेली असती, आणि हे गोदूबाईलाही कळत होतं. म्हणून तर ती एवढी चिडली. धोंडीबा खोटं बोलला असता तर तिनं त्याला तिथंच गप्प केलं असतं. दिवाळीपर्यंत कुत्रा बरा व्हायला हवा होता. नाहीतर पोतं.

मग तिनं काय नाही केलं? कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. करंजाचं तेल चोळलं. पायी ठाण्याला गेली, बाजारातून गंधक आणलं, कुटून तेलात खलून लावलं. दोन दिवस आग शमायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा खर्रर्र खर्रर्र. शेजारची कमळाबाई म्हणाली, "अगो, त्याच्या अंगात कस नाय ऱ्हायला. जवळा घाल भरपूर. आमच्या सासूला बाळंतपनात जवळ्यानंच उभी केली." गोदूबाईला पटलं. आपल्या ताटातला जवळाही ती त्याला घालायला लागली. मिऱ्या खायचा, शेपूट हलवायचा आणि खाजवायचा.

शेवटी भगत. काळुराम भगत म्हातारा, गावदेवीच्या देवळापाशी बसलेला असायचा. त्यानं मिऱ्याकडे बघितलं, तांदळाचे दाणे टाकले आणि सांगितलं, देवीला कोंबडं बोल. गोदूबाई बोलली. आषाढाची अवस झाली, श्रावण लागला.

आणि मिऱ्या बरा व्हायला लागला!

आधी खाजवणं कमी झालं. मग पंजे चावायचा थांबला. नारळी पुनव गेली आणि पोटावर बारीक काळी लव दिसायला लागली. गोदूबाई प्रत्येकाला धरून धरून दाखवायची. "बघ. डोळे फोडून बघ. लूत म्हनत होतास ना?" गणपती गेले तसं तिनं देवीला कोंबडं वाहिलं, आळीला जेवू घातलं. सोबत जवळा, सोडे, सगळं. श्रावण आणि गणपती धरून इतके दिवस कोणाच्या चुलीवर मासळी चढली नव्हती, माणसं नुसती तुटून पडली. उत्सवमूर्ती मिऱ्या. त्याला तर प्रत्येकानं घास दिला.

चार दिवसांत कान पुन्हा लाल.

गोदूबाई एक अख्खा दिवस कोणाशी बोलली नाही. दौलत घाबरला. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. "ताप आलाय का गो?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली आणि मिऱ्याच्या पंजाला तेल लावत बसली.

काळुराम म्हणाला, "कोंबडं बारीक व्हतं. देवी रागावली."

गोदूबाईनं ऐकून घेतलं. नवरात्र बसलं, घरात घट बसले, पुन्हा चुलीवर नुसती वरण-भाजी. मिऱ्याचं खाजवणं पुन्हा जरा मंदावलं. तिनं बघितलं, पण बोलली नाही. दसरा झाला. दौलतनं हौसेनं जवळ्याचं कालवण मागितलं, भांड्याच्या तळाशी उरलेलं मिऱ्यानं चाटून पुसून घेतलं. उजाडायच्या आत तो पाठ भिंतीला घासत होता.

गोदूबाई तशीच उठली आणि देवळापाशी गेली.

"काळुरामदादा, एक सांग. श्रावनात कुत्रं बरं. नवरात्रात बरं. गनपतीनंतर वाईट, दसऱ्यानंतर वाईट. देवी काय सन बघून रागावते?"

"देवीचं कोन सांगावं."

"मी सांगते. सन देवीचे नायत, चुलीचे हायत. जवा आपन मासळी खात नाय, तवा त्याला खाज नाय. देवी नाय रागावली. जवळा रागावलाय."

काळुराम दात नसलेलं तोंड उघडून हसला. "मंग मला कशाला विचारतेस? जवळा बंद करून बघ. खोटं निघालं तर देवी हायच, ती कुठं जात नाय."

झालं. गोदूबाईनं आगरभर हुकूम काढला. मिऱ्याला कोणी मासळीचा कण घालायचा नाही. सुका नाही, ओला नाही, काटा नाही, कालवणाचं पाणी नाही. दारोदार जाऊन सांगितलं. कमळाबाईला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "अगो, मुका जीव तो. जवळ्याबिगर भाकरी जाईल त्याच्या गळ्याखाली?"

"जाईल. तुझ्या गळ्याखाली माझं बोलनं जातंय का ते बघ आधी."

मिऱ्याला भाकरी, वरणभात, कधी नाचणीची पेज. दिवस गेले. खाज काही कमी होईना. दिवाळी जवळ यायला लागली आणि गोदूबाईला झोप येईना. आपलंच चुकलं की काय? बाई आगरात पाट्या वाहणारी, तिला काय कळणार, असं लोक म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. पोत्याची होती.

आगर बंद असेपर्यंत ती भाताच्या मळणीला जायची. एक दिवस डोकं दुखलं म्हणून ती भातखळ्यावरून लवकर घरी आली. बघते तर घरामागं दौलत उकिडवा बसलेला, समोर मिऱ्या, आणि दौलतच्या मुठीत जवळा.

"दौलत!"

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. तिनं घेतलं, आणि तेही असं घेतलं की कमळाबाईच्या कोंबड्या उडाल्या.

"चिमूटभरच..." दौलत म्हणाला. "तो असा बघतो गो माझ्याकडं. आपन खायचं नि त्यानं बघत ऱ्हायचं? माझ्यानं नाय होत."

"रोज घालत होतास?"

दौलतनं मूठ पाठीमागं लपवली.

"तरी म्हनलं! अरे, मुकादम त्याला पोत्यात घालील तवा बी तो असाच बघील तुझ्याकडं. तेवढं होईल तुझ्यानं?"

दौलतचे डोळे भरले. जवळा त्यानं उकिरड्यावर फेकला, आणि मिऱ्या त्याच्यामागं पळाला, तेव्हा दोघं नवराबायको बोंबलत उकिरड्याकडे धावली.

त्या दिवशी गोदूबाईला खळ्यावरची युक्ती सुचली. मळणीच्या वेळी बैलानं भात खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीचं जाळीदार मुसकं बांधतात. तिनं जुन्या जाळ्याचं सूत सोडवून मिऱ्याच्या मापाचं मुसकं विणलं. श्वास घेता येईल, पाणी पिता येईल, पण उचलून खाता येणार नाही. मिऱ्यानं पहिला दिवस पंजानं ओरबाडण्यात घालवला, दुसरा दिवस रुसण्यात. आळीतली पोरं ओरडायची, "गोदूबाईचा बैल आला! गोदूबाईचा बैल!" ती म्हणायची, "बैलच हाय. तुमच्या बापापरीस जास्त राबतो."

आणि आणखी एक केलं. घरात जवळा शिजवणंच बंद केलं. त्याच्यासमोर बसून आपण खायचं हे तिलाही जमेना. दौलतनं मुकाट्यानं मिरचीचा ठेचा खाल्ला. चिडचिड केली नाही. एकदा फक्त म्हणाला, "कमळाबाईच्या घरून काय वास येतोय गो," आणि पुढं ठेचा खाल्ला.

कडुनिंबाची आंघोळ चालूच होती, तेलही. पण आता ते टिकायला लागलं. आधी कानाची लाली फिकी झाली. मग मिऱ्या पहिल्यांदा सलग झोपला, मध्ये उठून न चावता, पाय वर करून, दुपारभर. गोदूबाई त्याच्या बाजूला बसून भात निवडत होती. कोणी मोठ्यानं बोललं की हातानंच गप्प करायची. दिवाळीच्या पणत्या लागल्या तेव्हा पोटावर काळी लव होती, शेपटीवर तर चांगले केस.

दिवाळी झाली. आगर उघडायचा दिवस आला. खाडीचं पाणी आत घ्यायच्या लाकडी दारापाशी, उघाडीपाशी, सगळे जमले. नारळ फुटला. गोदूबाई मिऱ्याला काखेत घेऊन धोंडीबापुढे उभी राहिली. मागं दौलत. बोलत काही नव्हता, पण फावडं असं धरलेलं की त्याला बोलायची गरजच नव्हती.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. मंग बोल."

धोंडीबानं बघितलं. खरंच नीट बघितलं. कान उलटे करून, पोटाखाली हात घालून, पंजांची बोटं फाकवून. हाताला केस येतात का म्हणून पाठीवरून ओढून बघितलं. दोन-तीन आले.

"इथं कानामागं अजून टक्कल हाय," तो म्हणाला.

"तुझ्या मुंडाशाखाली बी हाय. तुला कुनी पोत्यात घालतंय?"

एक बाई फिसकन हसली, मग सगळेच. धोंडीबाही हसला, पण मान हलवत म्हणाला, "हसन्यावारी नेऊ नको गोदे. पहिली रास पडेपर्यंत बघू. बांधावर फिरू दे, राशीपाशी नको. राशीत एक जरी केस दिसला ना..."

"राशीपाशी मीच असते. केस दिसला तर मी तुला आनून देईन."

"आनि परत खाजवायला लागला तर?"

गोदूबाईनं खोटं सांगितलं नाही. "लागेल बी. कुनी चोरून खायला घातलं की लागेल. मंग मी परत पहिल्यापासून सुरू करीन."

धोंडीबानं हात झटकला. त्याचा अर्थ हो असाच होता.

उघाडी वर उचलली आणि खाडीचं पाणी फेसाळत आत आलं. दुपारी माणसं बांधावर जेवायला बसली. गोदूबाईनं आपली भाकरी मोडली, मिऱ्याचं मुसकं सोडलं, त्याला त्याचा वाटा दिला. तो खाऊन मोकळा झाला आणि नाक वर करून सरळ धोंडीबापुढे जाऊन बसला. धोंडीबाच्या भाकरीवर लालभडक जवळा होता. त्यानं सवयीनं चिमूट उचलली.

मग त्याला काहीतरी जाणवलं. वर बघितलं तर गोदूबाई. नुसती बघत होती, घास हातात तसाच.

धोंडीबानं चिमूट हळूच आपल्या तोंडात टाकली. भाकरीची लांबची कड, जिथं कालवण लागलेलं नव्हतं, ती मोडली, फुंकर मारली, उलटसुलट करून तपासली आणि मिऱ्यापुढे धरली.

"ही चालंल ना गो?" त्यानं विचारलं.