पंपावरचा लाल ठिपका

फोन आला तेव्हा मी बागेत होतो. द्राक्षं तोडणीला आली होती आणि माझी पिकअप नाशिकला दाजींकडे ट्यूनिंगला दिलेली. गाडी कधी हातात येते याच विवंचनेत होतो, म्हणून फोन कानाला लावताच विचारलं, "झाली का गाडी?" पलीकडे दाजींच्या शेजारचा टायरवाला होता. तो म्हणाला, "तुम्ही निघा. दाजी गेले." मी द्राक्षं तोडायची कात्री हातात धरूनच नाशिकला पोचलो. ती माझ्या हातातून ताईने काढून घेतली म्हणे. मला काही आठवत नाही.

अशोकदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेठ नाक्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते डिझेलच्या गाड्या ट्यून करायचे, त्यातही पिकअप जास्त. त्या दिवशी शेडमध्ये माझीच गाडी होती. बॉनेट उघडं, मडगार्डवर फडकं, आणि दाजी पुढ्यात स्टुलावर बसून इंजिन ऐकत होते. ऐकता ऐकताच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बराच वेळ कुणाला काही कळलंच नाही, कारण दाजी तसे बसलेले रोजच दिसायचे आणि गाडी तर चालूच होती. एका लयीत, जराही न अडखळता. शेवटी टायरवाल्याने नॉब ओढून ती बंद केली. माणूस गेला आणि गाडी चालू राहिली... इतके आठवडे झाले, तरी मी तिथेच अडकून पडलोय. तेराव्याला कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांच्या इंजिनांचं ऐकलं, स्वतःचं तेवढं ऐकलं नाही." मी त्याच्यावर खेकसलो. अशा वेळी लोकांना असली वाक्यं सुचतात तरी कशी, देव जाणे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे गावोगाव पिकअप दिसू लागल्या आणि सगळ्यांची तक्रार एकच : ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज देत नाही. लोकांना दोन्ही एकदम हवं असायचं. दाजी रिकाम्या गाडीची परीक्षाच घेत नसत. "रिकामी कुणाचीबी पळती, पाव्हणं," ते मला म्हणायचे, "माल भरून आणा." मग फिल्टर, नोझल, टॅपेट असं सगळं नीट करून झालं की सर्वांत शेवटी पंपाचा स्क्रू. इंजिनाला किती डिझेल पाजायचं, ते ठरवणारा. तो बसवला की भरलेली गाडी पेठ रस्त्याचा घाट उतरवायची, वळवायची आणि पुन्हा वर चढवायची. चढताना गाडीत कुणी बोलायचं नाही. मी मुलखाचा बडबड्या. एकदा मध्येच द्राक्षांच्या भावाचा विषय काढला, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. घाटमाथ्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही.

वर पोचलं की गाडी उभी करून रेस करायची आणि सायलेन्सरमागे पांढरं फडकं धरायचं. फडकं काळं झालं म्हणजे डिझेल जळत नाही, नुसतं वाया जातंय. गाडी मनासारखी झाली की दाजींच्या खिशातून ताईची नेलपॉलिशची बाटली निघायची. स्क्रू आणि नट दोन्हींवर मिळून एक लाल ठिपका. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटायचा. ठिपका लागला म्हणजे काम संपलं, आणि तो वाळेपर्यंत बॉनेट लावायचं नाही, हा दंडक. दर दिवाळीला ते ताईला नवी बाटली आणायचे आणि आठवडाभरात ती त्यांच्याच खिशात जायची. "तुमच्या पंपांनाच नटवा," ताई म्हणायची, "माझी नखं काय, कोरीच बरी."

निफाडकडचा एक कांदेवाला एकदा काळा धूर सोडत शेडमध्ये आला. दाजींनी बॉनेट उघडलं आणि तुटलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"वढतच नव्हती हो मिस्तरी," तो कान खाजवत म्हणाला, "म्हून जरा पिळला."

"जरा? लय पिळलाय!" दाजी इतके हसले की तोही हसायला लागला. रागावणं त्यांना जमायचंच नाही.

तेरावं झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. गाडीचं सगळं जागच्या जागी बसवलेलं होतं. पण पंपावरचा जुना ठिपका खरवडून काढलेला आणि नवा नव्हता. म्हणजे काम झालं होतं की राहिलं होतं? सांगणारा तर गेला होता. अर्धा माल दुसऱ्यांच्या गाड्यांनी गेला, उरलेला वेलीवर थांबायला तयार नव्हता. एक मिस्तरी म्हणाला, "नव्याने सेटिंग करून देतो, घाटात दगा नको." त्याचं चूक नव्हतं. पण त्या स्क्रूवर दाजींचा शेवटचा हात होता. तो पुसून टाकायला मन धजेना, आणि तसाच भरवसा टाकायलाही धजेना.

ताईला विचारलं. ती तोवर घराबाहेर पडली नव्हती. म्हणाली, "माल भर. मी येते."

घाट चढताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. भरलेली गाडी कुठे न कण्हता चढत गेली. वर गाडी थांबवली तशी ताई फडकं घेऊन उतरली. मी रेस केली. तिने फडकं उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं. पांढरंच होतं.

"झाली होती रे गाडी," ती म्हणाली. "झाली होती..." आणि घाटमाथ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर ती रडली. मीही रडलो.

मग तिने पर्समधून बाटली काढली. दाजींच्या शर्टाच्या खिशात सापडलेली, दवाखान्यातून परत मिळालेली. मी बॉनेट उघडून धरलं आणि तिने वाकून ठिपका लावला. इंजिन तापलेलं होतं, रंग लगेच वाळला. तरी आम्ही दोघं कितीतरी वेळ बॉनेट उघडं ठेवून तसेच उभे राहिलो.