ती खुर्ची पाहुण्यांची आहे

"ऊठ गं. ती खुर्ची पाहुण्यांची आहे."

भर मांडवात, माईक चालू असताना बोलले भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष. ऱ्हायला नांदेडला, काम आमच्या लोहा तालुक्यात. शिबिर कशाचं, तर गावात पुढारी बाया तयार करायचं! मांडवातल्या समद्या बाया मी आणलेल्या. दारोदार फिरून, कुणाच्या सासूच्या हातापाया पडून. वस्तीवरचा हापसा आटला होता, ते बोलायला म्हणून मी स्टेजवर बसले होते.

उठले. अंगाची नुसती आग झाली.

भाऊ माईकवर हसले. "आमच्या बायका फार कामाच्या. बोलता येत नाही, एवढंच." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला म्हणले, "चहाचं बघ."

बघितलं. व्हय, वाटला मी चहा. हापशाचा विषय तसाच राहिला.

त्या हंगामात सोयाबीन काढताना मी सुरू केलं. पातीला ओळीनं बसलेल्या एकेकीला म्हणायची, "मोठ्यानं नाव सांग तुझं. फलाण्याची आई न्हाई, फलाण्याची बायको न्हाई. तुझं." समद्या पदरात तोंड घालून हसल्या. शेजारची रुक्मिण रडलीच. सासरी आल्यापासून तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मग हळूहळू बाया वरडायला लागल्या. पार बांधापलीकडं ऐकू जायचं.

पुढच्या शिबिराला भाऊंचा फोन. "बायका भरपूर आण. मुंबईचे पाहुणे आहेत." मी परत दारोदार फिरले. समद्यांना सांगितलं, मांडवात जायचं न्हाई, पंचायत समितीत जायचं.

तिथं रुक्मिणनं साहेबाच्या टेबलावर हात आपटला. आधी नाव सांगितलं, मग पाणी मागितलं. तेवढ्यात फोन वाजला. रिकाम्या मांडवातून भाऊ किंचाळत होते, "अगं, बायका कुठं आहेत?"

"बोलून राहिल्या, भाऊ. तुम्ही चहाचं बघा."

लई गार वाटलं जिवाला. खोटं कशाला बोलू?

वस्तीवर टँकर आला. आता भाऊंचे निरोपावर निरोप येतात. मला 'ताई' म्हणतात. स्टेजवर मधली खुर्ची देतो म्हणे.

ठेवा म्हणावं तुमच्यापाशीच. भाऊ जिल्हा परिषदेला उभे ऱ्हाणार हायत. त्यांच्यापुढं मी रुक्मिणला उभी करणार हाय. त्याच दारांनी फिरणार, त्याच सासवांच्या पाया पडणार. भाऊंना पाडणार म्हणजे पाडणार.

आन निकालाच्या दिवशी चहा घेऊन त्यांच्या दारात जाणार हाय. मीच.