सतरा नंबरचा ताप

संशोधन केंद्रात सगळे तिला तापमावशी म्हणत. डुकरांचा ताप मोजायचं काम तिचं, आणि स्वतःचं डोकंही कायम तापलेलं, त्यामुळे हे नाव कोणी ठेवलं याची चौकशी करायची कधी गरजच पडली नाही. डुकराच्या शेपटीखाली थर्मामीटर घालून त्याला मिनिटभर शांत उभं ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मावशी एका हाताने त्याची पाठ खाजवी, तोंडाने चार शिव्या हासडी, आणि ते धूड जावईबापूंसारखं लाड करून घेत उभं राही.

अभ्यास चालायचा आफ्रिकन स्वाइन फीवरचा. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकराला झाला की त्यावर औषध नाही. एका शेडमध्ये शिरला की अख्खी शेड मारून मोकळी करतात. मावशीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाच्या शेडवर पांढरे अंगरखे चढवलेली माणसं आली आणि सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत एकसष्ट डुकरं मारून, पुरून, वर चुना टाकून निघून गेली. भाऊ दाराशी नुसता बसून होता. तो रडला नाही, कुणाच्या अंगावर धावून गेला नाही, याचाच मावशीला संताप आला. त्या संतापात तिने केंद्रातल्या नोकरीचा अर्ज भरला. लस निघायलाच हवी, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत निघावी, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

केंद्राचा नियम असा, की इथे काम करणाऱ्याने पुढचे सात दिवस बाहेरच्या डुकराच्या आसपास फिरकायचं नाही. मावशी आठवड्यातले सहा दिवस कामावर, म्हणजे भावाच्या शेडचं दार तिला कायमचं बंद. त्याने पुन्हा वीस डुकरं घेतली, तीही तिने फोनवरच पाहिली. दर रविवारी तो विचारी, "ताई, लस कुठवर आली?"

ती म्हणे, "येतेय रे. बाळंतपणात घाई करून चालतं का?"

यंदा ती खरंच येत होती. रोगाचाच विषाणू, पण त्यातली दोन जनुकं काढून दुबळा केलेला. पहिल्या खोलीत आठ डुकरांना तो टोचला होता आणि त्यांच्यात दोन न टोचलेली डुकरं सोडली होती, सोळा आणि सतरा नंबरची. लसीतला विषाणू टोचलेल्यांकडून यांच्यात पसरतो का, हे बघायचं होतं. पसरला तर लस बाद, कारण तो असा फिरत फिरत पुढे काय रूप घेईल याची हमी कोण देणार? तिसऱ्या खोलीत खऱ्या, मारक विषाणूची डुकरं होती. मावशी पहिली खोली आधी करी, तिसरी सगळ्यात शेवटी. प्रत्येक खोलीचे बूट वेगळ्या रंगाचे, तिसरीचे लाल.

अकराव्या दिवशी सतरा नंबरने खाण्याकडे तोंड फिरवलं. ताप चाळीस पॉइंट नऊ. डुकराचा एरवी एकोणचाळीसच्या आसपास असतो. मावशीने थर्मामीटर बदलून पुन्हा मोजला. तेवढाच. तिने आकडा कागदावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी लसीचं काम बघणाऱ्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. "बसा मावशी," म्हणाले. तिथेच तिला शंका आली, कारण पाच वर्षांत त्यांनी तिला कधी खुर्ची दाखवली नव्हती. पुढ्यात एक फॉर्म होता. कर्मचारी तिसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत गेल्यामुळे संसर्ग झाला, सबब सतरा नंबर अभ्यासातून वगळावा, असं त्यावर आधीच छापलेलं होतं.

"तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही," साहेब म्हणाले. "चूक कुणाच्याही हातून होते. दहा वर्षांचं काम आहे, मावशी, आणि तेही तुमच्या भावासारख्यांसाठीच."

भावाचं नाव काढलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाल बूट घालून मी एकदा तरी पहिल्या खोलीत पाय ठेवला का? पहिल्या खोलीत चष्मा विसरलात म्हणून लाल बुटांनिशी तुम्हीच उलटे निघाला होतात, मी दंडाला धरून थांबवलं. आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"मग ताप आला कुठून?"

"सतराचं रक्त आहे ना तुमच्या फ्रीजमध्ये? त्यालाच विचारा. माझ्या बुटांतून गेला असेल तर तिसऱ्या खोलीतला विषाणू निघेल, सगळी जनुकं शाबूत असलेला. नाहीतर तुमच्या लसीतला निघेल. एवढं मलाही कळतं."

"ती तपासणी नंतर करू. आधी अहवाल जाऊ दे."

नंतर! शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायचं असलं की तो खोटं बोलत नाही, नुसतं नंतर म्हणतो. मावशी सही न करता उठली आणि थेट रक्त तपासणाऱ्या बाईंकडे गेली.

"साहेबांनी सांगितलंय का?" बाईंनी विचारलं.

"नंतर करू म्हणाले. आता नंतर झालंय."

बाई हसल्या आणि त्यांनी फ्रीजमधून नळी काढली.

निकाल यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात सोळा नंबरलाही ताप भरला. दोन्ही डुकरांत लसीतलाच विषाणू निघाला. साहेबांनी तो फॉर्म फाडला. "चुकलं" एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि ती वाट बघत तिथेच उभी राहिली तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. दहा वर्षं पाण्यात गेलेल्या माणसाची कीव करायला हवी होती. मावशीला आली नाही. तिने दार आपटलं.

रविवारी भावाचा फोन आला. तिने त्याला सगळं सांगितलं. सही कशी केली नाही, साहेबांना कसं गप्प केलं, हे जरा चढ्या आवाजातच सांगितलं. भाऊ ऐकत राहिला. मग म्हणाला, "नदीपलीकडच्या गावात परवा रोग आलाय. चार शेडी रिकाम्या केल्या."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, राग मानू नकोस. पण तुझीच चूक असती तर बरं झालं असतं गं."

तिच्या तोंडाशी कचकचीत शिवी आली होती. ती तिने गिळली.

"हो रे," ती म्हणाली. "ते तीन दिवस मलाही तेच हवं होतं."